मदत हवी आहे: फिरत्या पाण्यातले जिवाणू रसायनांशिवाय मारता येतील का?

नमस्कार मंडळी,

एका वृद्धाश्रमाच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. वातानुकूलनासाठी गच्चीवर कूलिंग टॉवर आहे आणि अंघोळीच्या गरम पाण्याची वेगळी लाइन आहे, तिच्यात पंपाने पाणी सतत फिरतं ठेवलेलं असतं. दोन्हीकडे धास्ती एकाच जिवाणूची, लिजिओनेलाची.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली, आणि त्यामागचा जिवाणू १९७७च्या जानेवारीत सापडला. त्याला साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. हे पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. टॉवर किंवा शॉवरमधून उडणारे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की आजार होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तो जिवावर बेततो. आमच्याकडे सगळेच सत्तरीपुढचे आहेत, म्हणून हा विषय मला टाळता येत नाही.

सध्या टॉवरला क्लोरीन देतो. पण त्याने धातूचे भाग गंजतात, डबे हाताळणाऱ्या मुलांच्या डोळ्यांची काळजी वाटते, आणि टॉवरमधून सोडून दिलेलं पाणी बागेला देता येत नाही. त्यामुळे रसायन पूर्ण बंद करता येईल का, असं व्यवस्थापनाने विचारलंय. दोन प्रस्ताव आले आहेत. एकात पाइपवर बाहेरून बसवायचं चुंबकीय यंत्र आहे, दुसऱ्यात यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा.

यूव्हीबद्दल वाचलं. २५४ नॅनोमीटरचे किरण जिवाणूच्या डीएनएवर घाव घालतात, मग त्याची वाढ होत नाही. हे मला पटतं. अडतं ते पुढे. मागच्या सफाईत पंपाच्या अलीकडची जाळी काढली, तर तिच्यावर बोटाला लागेल असा बुळबुळीत तपकिरी थर होता. हौदातलं पाणी मात्र काचेसारखं नितळ! दिव्यासमोरून पाणी जाईल, हा थर थोडाच जाणार आहे?

तर प्रश्न असे: चुंबकीय यंत्राचा खरंच उपयोग होतो का? नुसत्या यूव्हीवर टॉवर सोडता येईल का? आणि गरम पाण्याच्या लाइनला फक्त तापमानावर भागेल का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

टॉवरचं सांगतो. बाहेरून बसणारं यंत्र घेऊ नका. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने पिट्सबर्ग विद्यापीठाकडून याच विषयावर अभ्यास करून घेतला होता, अहवाल २०१० सालचा आहे. दोन छोटे टॉवर शेजारी शेजारी चालवले, एकावर यंत्र आणि दुसऱ्यावर काहीच नाही. चुंबकीय, स्पंदित विद्युत क्षेत्राचं, इलेक्ट्रोस्टॅटिक, अल्ट्रासॉनिक आणि हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनचं, असे पाच प्रकार तपासले. एकानेही जिवाणूंवर म्हणावा तसा ताबा आला नाही. क्लोरीनने मात्र आला. विक्रेत्याला इतकंच सांगा की यंत्र नसलेल्या टॉवरशी तुलना दाखव. नुसते 'आधी आणि नंतर'चे आकडे बघून सही करू नका, कारण टॉवर धुतला तरी ते आकडे सुधारतात.

यूव्हीबद्दल तुमची शंका अगदी बरोबर आहे. दिव्याचा परिणाम दिव्यापाशीच संपतो, पाण्यासोबत पुढे काहीच जात नाही. त्यात टॉवरचं पाणी मिसळत राहतं. समजा ५ हजार लिटरचा हौद आहे आणि दिव्यातून ताशी ५ हजार लिटर पाणी जातं. तरी तासाभराने सुमारे ३७ टक्के पाणी दिव्यासमोरून एकदाही गेलेलं नसतं. तीन तासांनी असं पाणी ५ टक्क्यांवर येतं, पण तेवढ्या वेळात थरातून नवे जिवाणू सुटत असतात. लिजिओनेला तर त्या थरातल्या अमिबांच्या पोटात शिरून वाढतो. अमिबाने स्वतःभोवती कवच केलं की तिथे क्लोरीनही नीट पोचत नाही.

म्हणून जिवाणू मारण्याआधी त्यांचं अन्न आणि घर काढा. फिरत्या पाण्याचा काही भाग सतत बाजूच्या वाळूच्या फिल्टरमधून जाऊ द्या, हौदातला गाळ काढा, टॉवरवर ऊन पडू देऊ नका म्हणजे शेवाळ कमी धरेल. तुषार अडवणाऱ्या जाळ्या तुटलेल्या असतील तर आजच बदला, कारण माणसापर्यंत जिवाणू पोचतो तो तिथूनच. यूव्ही लावायचाच तर फिल्टरच्या पुढे लावा आणि दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी पुसत राहा. क्षार बसलेल्या नळीतून प्रकाश बाहेर येतच नाही. एवढं केलंत तर क्लोरीन कमी लागेल. पूर्ण बंद करा असं तुमच्या इमारतीसाठी मी म्हणणार नाही.

प्रतिसाद २

गरम पाण्याच्या लाइनवर मात्र रसायनाशिवाय निभावतं, तिथे उष्णता हेच औषध. ६० अंशांना लिजिओनेलातले ९० टक्के जिवाणू साधारण २ मिनिटांत मरतात, ५० अंशांना त्यालाच दीड-दोन तास लागतात. टाकी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका आणि टाकीकडे परतणारं पाणीसुद्धा ५०च्या वर हवं. टाकीवरचा काटा बघून समाधान मानू नका, सगळ्यात लांबच्या खोलीतला नळ मिनिटभर सोडून थर्मामीटर धरा.

पण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. तेव्हा गरम-गार मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह प्रत्येक नळाच्या अगदी जवळ बसवा. टाकीजवळ एकच बसवलात तर पुढच्या सगळ्या पाइपमध्ये ४० अंशांचं पाणी राहील, म्हणजे जिवाणूंना हवं तेच. बंद पडलेल्या न्हाणीघराकडे जाणारे पाइप मुळापासून कापून टाका, बुच मारून ठेवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वापरात नसलेल्या दोन न्हाणीघरांचे पाइप आमच्याकडे बुच मारूनच ठेवलेत, ते आता कापून घेतो. ओझोनबद्दल कोणी सांगेल का? आणि आमचा जादाचा पंप महिनोन्महिने बंद असतो, त्यात साचलेल्या पाण्याचं काय?

प्रतिसाद १

ओझोन चांगला मारतो, थरावरही काम करतो आणि थोड्या वेळात विरून ऑक्सिजन होतो. डबे हाताळायला नकोत. पण तोही जबर ऑक्सिडायझरच आहे, रबरी गॅस्केट खातो आणि गळला तर श्वासाला घातक. गळती ओळखणारा सेन्सर आणि शिकलेला माणूस असेल तरच त्या वाटेला जा.

जादाचा पंप आठवड्यातून एकदा तरी आलटून पालटून चालवाच. आणि डिप स्लाइडवर, म्हणजे पाण्यात बुडवून जिवाणू मोजायच्या पट्टीवर, भरवसा ठेवून थांबू नका. ती एकूण जिवाणू दाखवते, लिजिओनेला वेगळा ओळखत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढवून बघण्याचा, अहवाल यायला दहाएक दिवस जातात. क्लोरीन कमी करायच्या आधी एक नमुना द्या आणि नंतर दुसरा.