बंड की व्याकरण?

बऱ्याचदा म्हटलं जातं की युरोपातल्या प्रबोधनकाळातला (रेनेसान्समधला) मानवतावाद म्हणजे चर्चविरुद्धचं बंड. थोडं थांबा. त्या काळी या शब्दामागे मुळात एक अभ्यासक्रम होता: व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. गंमत अशी की चर्चच्या एका दाव्याला खरा सुरुंग लागला तो व्याकरणामुळेच.

लोरेन्झो वाल्ला या इटालियन मानवतावादी विद्वानाचं उदाहरण घ्या. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडचं राज्य पोपला बहाल केल्याचं एक दानपत्र होतं, आणि पोपच्या राजकीय हक्कांना त्याचा आधार दिला जाई. 1440 मध्ये वाल्लाने त्यातली लॅटिन तपासली. चौथ्या शतकातल्या रोमन कागदात 'सत्रप' (इराणी साम्राज्यातले प्रांताधिकारी) कुठून आले? आणि कॉन्स्टंटिनोपल वसायच्या आधीच त्याचा उल्लेख कसा? कागद बनावट ठरला. (वाल्ला तेव्हा पोपशी भांडण असलेल्या अल्फोन्सो राजाच्या पदरी होता, म्हणजे अगदीच निःस्वार्थ संशोधन नव्हे!)

पण पुढे काय झालं? 1448 मध्ये पाचव्या निकोलस पोपने याच वाल्लाला रोममध्ये नोकरी दिली. बंडखोराला असं कोण ठेवतं?

कलेचं म्हणाल तर, चित्रकार राफाएल वारल्यावर 1520 च्या दशकात त्याच्या शिष्यांनी व्हॅटिकनमधल्या एका दालनात हाच दानाचा प्रसंग भिंतीवर रंगवला. यथार्थदर्शन (सपाट भिंतीवर खोलीचा भास), प्राचीन धाटणीचे खांब, सगळी मानवतावाद्यांची शिकवण त्यात आहे. विषय मात्र तोच, ऐंशी वर्षांपूर्वी खोटा ठरलेला.