टूरिंग कॅरव्हॅनला स्लाइड-आउट असावं की नसावं?

रस्तावेडा

वापरलेली टूरिंग कॅरव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) घ्यायची आहे. पाहून पाहून दोन उरल्या आहेत. दोन्ही जुळ्या अ‍ॅक्सलच्या, लांबी जवळजवळ सारखी, कमाल भारित वजन दोन्हींचं १८०० किलो. एकीला बसायच्या भागाचं विजेवर चालणारं स्लाइड-आउट आहे, म्हणजे मुक्कामी भिंतीतून बाहेर सरकणारी पेटी, साधारण ६० सें.मी. बाहेर येते. दुसरी साधी, सरळ भिंतींची. रिकामं वजन स्लाइडवालीचं १५६० किलो, साधीचं १३७०. ओढणाऱ्या गाडीची मर्यादा २००० किलो. माणसं चार.

आत उभं राहिलं की स्लाइडवाली फारच मोकळी वाटते, हे कबूल. पण वजन, गळती आणि ऐन वेळी अडकून बसणं या तीन गोष्टींची धास्ती आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं. बघायला जाताना नेमकं काय तपासायचं, तेही लिहा.

काटाबरोबर

आधी वजनाचं बघू, कारण बाकीचं नंतर दुरुस्त करता येतं, हे नाही.

गाडीची मर्यादा २००० असली तरी तुम्हाला अडवणारा आकडा कॅरव्हॅनचा १८०० आहे. त्यातून रिकामं वजन वजा करा. साधीत सामानाला ४३० किलो उरतात, स्लाइडवालीत २४०. आता चार माणसांचं नेहमीचं सामान मांडून बघा: टाकीत ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, गॅसची दोन भरलेली सिलिंडर २५ ते ३०, लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ च्या आसपास, बाहेर लावायचा तंबू ३०, खुर्च्या-टेबल २०, अंथरुण-पांघरुण, भांडी, कपडे, खाणंपिणं मिळून ८० तरी. झाले सव्वादोनशे. सायकली, जादा बॅटरी, सोलर पॅनल यांतलं एखाद-दुसरं वाढवलं की मर्यादा ओलांडली. काही उत्पादक रिकाम्या वजनात गॅस आणि थोडं पाणी आधीच धरतात, काही धरत नाहीत. ते कागदपत्रांत बघून घ्या. आधीच्या मालकाने मागाहून बसवलेल्या वस्तू मात्र त्या आकड्यात कधीच नसतात.

दुसरी गोष्ट लोक विसरतात ती डाव्या-उजव्या बाजूच्या वजनाची. स्लाइडची पेटी, तिची यंत्रणा, तिच्यातलं फर्निचर सगळं एकाच भिंतीला. एकूण वजन १८०० च्या आत असूनही त्या बाजूचे टायर त्यांच्या मर्यादेपर्यंत पोचलेले असू शकतात. चार चाकांवर सरासरी ४५० किलो येतात, पण जड बाजूच्या चाकावर ५०० सहज येतील. टायरच्या बाजूवर भारांक असतो: ८४ म्हणजे ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. ८४ चा टायर दिसला तर तिथेच थांबा. वजनकाट्यावर एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची काट्याबाहेर सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजून घेता येतात. तेवढं कराच.

स्लाइड अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर हुकावरचा भारही वाढतो. तो स्लाइड आत घेऊन, सामान भरून मोजायचा आणि गाडी व हूक यांच्या मर्यादांपैकी जी कमी असेल ती पाळायची. मागे असेल तर उलट हुकावरचा भार घटतो, आणि ते जास्त धोक्याचं, कारण हलक्या नाकाची कॅरव्हॅन वेगात शेपूट हलवायला लागते.

युरोपातल्या हलक्या टूरिंग कॅरव्हॅनना स्लाइड क्वचितच दिसतं आणि उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या ट्रेलरना सर्रास असतं, त्याचं मुख्य कारण हेच. तिकडे ओढणारी गाडीच पिकअप असते.

ओलकोरडं

वरच्या प्रतिसादाला +१. मी गळतीचं लिहितो.

स्लाइड-आउट बसवायचं म्हणजे कॅरव्हॅनच्या भिंतीला दारापेक्षा कितीतरी मोठं भोक पाडायचं आणि त्यात एक पेटी आतबाहेर सरकवायची. पाणी अडवायला असतं फक्त रबर. बहुतेक ठिकाणी दोन प्रकारचं: एक पोकळ नळीसारखं, जे पेटी पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत गेल्यावर दबून बसतं, आणि दुसरं पातळ पट्टीचं, जे सरकताना पेटीच्या छताचं आणि बाजूंचं पाणी निपटून काढतं. पोकळ रबर दबलेलंच राहिलं की चपटं होतं, परत फुगत नाही. पट्टीचं रबर उन्हाने कडक होऊन कोपऱ्यात फाटतं. गळती सुरू होते ती जवळजवळ नेहमी कोपऱ्यांतून, कारण तिथे रबराचे दोन तुकडे एकमेकांना भिडतात.

तरीही खरं नुकसान रबरापेक्षा पेटीच्या तळाला होतं. तळ प्लायवुडचा किंवा चिपांच्या दाबलेल्या फळीचा असतो आणि खालून पातळ काळं कापड किंवा पत्रा लावलेला असतो. रोलर त्यावर घासून ते कापड फाटतं, रस्त्यावरचं पाणी उडतं, फळी कडेने फुगते. फुगलेली फळी रोलरवर अडते, मोटरवर ताण येतो, आणि मग लोक मोटर बदलत बसतात.

बघायला जाताना हे करा:

– विकणाऱ्याला आधीच सांगा की स्लाइड आत घेतलेलं ठेवा, उघडताना मला बघायचं आहे. उघडून सजवून ठेवलेली कॅरव्हॅन पाहून काहीच कळत नाही.
– पूर्ण बाहेर आल्यावर पेटीची कड आणि भिंत यांतलं अंतर चारही कोपऱ्यांत मोजपट्टीने मोजा. दोन-तीन मि.मी.चा फरक चालतो. एका कोपऱ्यात बोट जात असेल तर पेटी तिरकी बसली आहे.
– दिवसा आत उभं राहून पडदे, दिवे बंद करा. रबराच्या कडेने उजेड दिसला तर तिथून वारा आणि पाणी दोन्ही येणार.
– खाली वाकून पेटीचा तळ बघा. बाहेरच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने जोरात दाबा. लाकूड दबलं, मऊ लागलं, तर सौदा सोडा.
– ओलावा मोजायचं यंत्र आतल्या बाजूला, जमिनीलगत आणि छताच्या कोपऱ्यांत लावा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर शंका घ्यायची, ३० च्या वर म्हणजे लाकूड कुजायला लागलेलं धरा.
– आतल्या जमिनीवर सरळ ओरखडे किंवा गालिचावर घासल्याच्या रेघा दिसतात का पाहा. पेटी लेव्हलमध्ये चालत नसल्याची ती खूण.
– नव्या सिलिकॉनचे जाड थर. कोणी उगाच थापत नाही.

थंडीचंही सांगून ठेवतो. पेटीच्या भिंती आणि तळ मुख्य भिंतींपेक्षा पातळ असतात आणि गरम हवेची नळी पेटीत सहसा जात नाही. म्हणून बैठकीच्या गाद्यांखाली आणि पाठीमागे दव धरतं. गाद्यांखाली हवा खेळती राहील अशी जाळी किंवा पट्ट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात फिरणार असाल तर साधी कॅरव्हॅन सरळ सरळ वरचढ आहे.

दातेरीचाक

यंत्रणा कोणती आहे हे विचारल्याशिवाय "स्लाइड चांगलं की वाईट" याला अर्थ नाही. हलक्या कॅरव्हॅनमध्ये मुख्यतः तीन भेटतात.

दातेरी पट्टी आणि चक्र, चासीतून जाणारी: पेटीखाली दोन लोखंडी बाह्या, त्यांवर दाते, एक मोटर आणि दोन्ही बाह्यांना जोडणारा दांडा. वजनदार, पण दणकट. दोन्ही बाजू एकाच दांड्याने फिरतात म्हणून पेटी सहसा वाकडी होत नाही. बिघडलंच तर दांड्याची पिन तुटते किंवा दातांत खडा अडकतो, आणि दोन्ही खाली वाकून दिसतं. माझी पसंती हिलाच.

भिंतीतली, जिला बरेच जण श्विनटेक म्हणतात: पेटीच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या आणि प्रत्येक बाजूला स्वतंत्र छोटी मोटर. हलकी, जागा खात नाही, म्हणून लहान पेट्यांना सोयीची. पण दोन मोटरी एकाच चालीने फिरल्या पाहिजेत आणि ते काम कंट्रोलर करतो. बटण मधेच सोडायचं, परत दाबायचं, अर्ध्यावर थांबवायचं, असं वारंवार केलं की दोघींची चाल बिनसते आणि पेटी तिरपी होते. पेटी टोकाला टेकल्यावरही बटण धरून ठेवायचं, दोन्ही मोटरी आपोआप थांबेपर्यंत. चाल अशीच पुन्हा जुळते. निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

तारेची: पेटीच्या कोपऱ्यांना पोलादी तारा, पुलींवरून मोटरकडे जाणाऱ्या. खोल, जड पेटीलाही चालते. तारा सैल होतात, ताण सारखा ठेवावा लागतो. तारेचा एखादा धागा तुटून बाहेर आलेला दिसला तर ती तार बदलायची, थांबायचं नाही.

यांत्रिक बिघाड म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं बॅटरीचं असतं. स्थिर असताना १२.६ व्होल्ट दाखवणारी जुनी बॅटरी मोटरचा भार आला की धाडकन खाली येते आणि कंट्रोलर काम सोडतो. तपासायचं ते स्लाइड चालू असताना, मल्टिमीटर मोटरच्या जोडावर लावून. बॅटरीपाशी व्होल्टेज ठीक आणि मोटरपाशी दीड-दोन व्होल्ट कमी असेल तर वायर किंवा अर्थचा जोड गंजला आहे. शक्य असेल तेव्हा बाहेरची वीज जोडूनच स्लाइड चालवा.

वंगण: दातांना जाड ग्रीस लावू नका. धूळ धरते आणि दाते खाते. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे पुरतो. रबराला पेट्रोलियमचं काहीही लावायचं नाही, रबरासाठीचाच स्प्रे वापरायचा.

रस्तावेडा

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. स्लाइडवालीची यंत्रणा विचारली, दातेरी पट्टीचीच आहे, एक मोटर. अजून दोन प्रश्न. मुक्कामी पोचल्यावर स्लाइड कोणत्या टप्प्यावर उघडायचं? आणि बाहेर आलेल्या पेटीखाली टेकू द्यायचे का? काही जण देतात असं दिसतं.

पाणसळ

क्रम असा: आधी दोन्ही बाजू समपातळीत (खालच्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली उतरती फळी), हँडब्रेक, चाकांना पाचरी, मग गाडीपासून सोडवणं, जॉकी व्हीलने (पुढच्या टोकाचं वर-खाली होणारं छोटं चाक) पुढे-मागे पातळी, मग चार कोपऱ्यांचे पाय. त्यानंतर स्लाइड. हे पाय कॅरव्हॅन स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाही. एका पायाने कोपरा उचलून पातळी साधली तर चासीला पीळ पडतो, भिंतीतलं चौकोनी भोक किंचित तिरकं होतं आणि पेटी घासते. निघताना उलटा क्रम, म्हणजे पाय वर घेण्याआधी स्लाइड आत. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा, काही ठिकाणी तो खरंच वेगळा असतो.

पातळी घेताना स्लाइडच्या बाजूला अगदी थोडा उतार ठेवा, पाणसळीचा बुडबुडा मध्यरेषेपासून जेमतेम हलेल इतका. पेटीच्या छतावरचं पाणी बाहेर वाहून जातं.

टेकू द्यायचे नाहीत. यंत्रणा पेटीचं वजन अधांतरी पेलण्यासाठीच केलेली असते. तुम्ही आत चाललात, टायर किंचित बसले, की कॅरव्हॅन खाली जाते आणि टेकूवरची पेटी जागीच राहते, म्हणजे पेटी वर ढकलली जाते. रबर सुटतं, बाह्या वाकतात. उत्पादकाने स्वतः टेकू दिले असतील तेवढाच अपवाद.

आणि बटण दाबण्याआधी एकदा बाहेर जाऊन या. नळाचा खांब, झाडाची फांदी, शेजाऱ्याच्या तंबूची दोरी, आणि प्रवासात पेटी अडवायला लावलेला दांडा असेल तर तो. दांडा काढायचा राहिला की मोटर नाही हरत, पेटीची चौकट वाकते. आतून जमिनीवरचे बूट, खडे, उघडे ड्रॉवर बघा.

ओलकोरडं

पाणसळ यांच्या उताराच्या मुद्द्याला जोड: आत घेण्याआधी छतावरचा पाला झाडून काढा, लांब दांड्याचा मऊ ब्रश ठेवा. पानांचा एक देठ पट्टीच्या रबराखाली अडकला तरी पाण्याला वाट होते. पेटीवर वेगळं कापडी छप्पर बसवून घ्या.

दातेरीचाक

छपराबद्दल माझं मत वेगळं. झाडाखाली मुक्काम करणाऱ्याला उपयोगी, मान्य. पण वारा सुटला की ते फडफडतं, रात्री झोप लागू देत नाही, आणि मधे पाणी साठून झोळ पडला तर गुंडाळणारी स्प्रिंग ते ओढू शकत नाही. शिवाय ८-१० किलो त्याच जड बाजूला. उघड्यावर राहणाऱ्याने ब्रशच वापरावा.

अडकलं तर, मोटर एकच असलेल्या दातेरी यंत्रणेत: आधी ३० अँपिअरचा फ्यूज आणि बॅटरीचे जोड बघा. ते ठीक असूनही हलत नसेल तर मोटरची वीज तोडा, मोटरच्या मागचा ब्रेकचा खटका सोडवा आणि दांड्याच्या टोकाला असलेल्या षटकोनी भागावर पान्हा किंवा दिलेलं हँडल लावून हळू फिरवा. ड्रिल लावायचंच असेल तर कमी वेगावर, आणि पेटी टेकायच्या आधी थांबून शेवटचं हाताने. पेटी आत गेली की ब्रेकचा खटका परत लावायचा. तो सुटा राहिला तर वळणावर पेटी स्वतःच बाहेर सरकू शकते. हँडल कुठे आहे आणि तो षटकोनी भाग खालून हाताला लागतो का, हे विकत घेण्याआधी प्रत्यक्ष करून बघा. काहींमध्ये तो पाण्याच्या टाकीमागे दडलेला असतो.

काटाबरोबर

एक राहिलं. स्लाइड आत असताना कॅरव्हॅनमध्ये उभं राहा आणि फ्रिज उघडून बघा, संडासाचं दार उघडतं का बघा, पलंगापर्यंत जाता येतं का बघा. वाटेत अर्ध्या तासासाठी थांबलात तर पेटी बाहेर काढता येत नाही, तेवढी जागाच नसते. आत असताना काहीच वापरता येत नसेल तर रोज मुक्काम हलवणाऱ्याला ती रचना छळेल. एका जागी आठवडाभर राहणाऱ्याला काही फरक पडत नाही, आणि त्यांच्यासाठी पावसाळी दिवसात चार जणांना आत बसायला मिळणारी जागा मोलाची आहे, हेही खरं.

पण तुमच्या आकड्यांवरून सांगायचं तर २४० किलोत चार माणसांचं सामान जेमतेम बसतं, वाढवायला काही उरत नाही. विकणाऱ्याकडे एक चौकशी करा: उत्पादक त्याच चासीवर कमाल वजन वाढवून देतो का. काही मॉडेलना अ‍ॅक्सल आणि टायर तेवढे सक्षम असतात आणि फक्त कमाल वजनाची नवी पाटी व कागद लागतात. १९०० ची पाटी मिळाली तर ३४० किलो होतात, तुमच्या गाडीच्या मर्यादेतही बसतं. नाही मिळाली तर साधी घ्या आणि उरलेल्या वजनातले २५-३० किलो चांगल्या तंबूवर घाला. स्लाइडने ६० सें.मी. खोलीची जागा मिळते, तंबूने अडीच मीटर.

रस्तावेडा

उत्पादकाला चासी क्रमांक पाठवून विचारतो. दोन्ही बाजूंचं वेगळं वजन आणि टायरचे भारांक विकणाऱ्याकडून मागवले आहेत, आले की इथेच टाकतो.