मागच्या चाकाचे बेअरिंग: गाडीच्या कंपनीच्या डब्यातले घ्यावे की बाजारातले?

प्रश्न (मानपाडा, ठाणे)

नमस्कार. माझी १५० सीसीची मोटारसायकल सात वर्षांत सुमारे ६८,००० किलोमीटर चालली आहे. मानपाड्याहून महापे एमआयडीसीपर्यंत रोजचे जाणे-येणे आहे आणि पावसाळ्यातही गाडीच असते. गेल्या जुलैमध्ये साठच्या वेगाला मागच्या चाकातून घरघर येऊ लागली. गाडी मधल्या स्टँडवर चढवून टायर दोन्ही हातांनी धरून हलवला, तेव्हा चाक स्पष्ट डुलत होते. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दोन्ही बेअरिंग्ज बदलून घेतली. ती कोणत्या कंपनीची आहेत, हे मात्र विचारायचे राहून गेले. डिसेंबर संपायच्या आत तोच आवाज परत आला. गाडीबरोबर आलेली जोडी सहा वर्षांहून अधिक टिकली आणि नवी सहा महिनेही टिकली नाही.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या कंपनीच्या डब्यातलीच बेअरिंग्ज घ्यायला सांगतात, तर नौपाड्यातल्या सुट्या भागांच्या दुकानात त्याच नंबरची, नावाजलेल्या बेअरिंग कंपनीची जोडी जवळपास निम्म्या किमतीत मिळते आहे. पैसे वाचवणे हा माझा मुख्य हेतू नाही. सकाळी मुलीला मागे बसवून शाळेत सोडतो, त्यामुळे चाकाच्या बाबतीत मला कसलीही जोखीम नको आहे. डब्याच्या जादा किमतीत खरोखर काही जादा मिळते का, आणि स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राच्या) हबमधले तिसरे बेअरिंगही आत्ताच बदलावे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (तुर्भे)

मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो आणि बेअरिंग्ज हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुचाकी बनवणारी कंपनी स्वतः बेअरिंग बनवत नाही. ती एसकेएफ, एनबीसी, एफएजी, एनटीएन, एनएसके अशा बेअरिंग कंपन्यांकडून घेते. एसकेएफचा कारखाना चिंचवडला आहे आणि एनबीसीचा जयपूरला. त्यामुळे गाडीच्या कंपनीचा डबा उघडलात तरी आतल्या रेसच्या (छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्याच्या) कडेवर बहुधा यांपैकीच एखादे नाव कोरलेले दिसेल. मापेही आयएसओ १५ या मानकाने ठरलेली आहेत. ६२०२ म्हटले की आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि रुंदी ११ मिलिमीटर, मग ते कोणीही बनवलेले असो. ६३०२ चा आतला व्यास तोच, पण बाहेरचा ४२ असतो, म्हणून दुकानात नुसते 'पंधराचे बेअरिंग' मागू नका.

खरा फरक नंबराच्या पुढच्या अक्षरांत असतो आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती. ही चकती आतल्या रेसला टेकत नाही, बारीक फट राहते, आणि त्या फटीतून आपल्याकडचे जुलैचे पाणी आत गेल्याशिवाय राहत नाही. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ज्याचा ओठ रेसला टेकलेला असतो. यालाच एनएसके डीडीयू म्हणते आणि एनटीएन एलएलयू. व्हीव्ही आणि एलएलबी ही अक्षरे असलेली बेअरिंग्जसुद्धा रबरी सीलचीच दिसतात, परंतु त्यांचा ओठ रेसला टेकत नाही, म्हणून चाकासाठी ती घेऊ नयेत.

वेगाची चिंता करू नका. १००/९०-१७ च्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते. एवढ्या लहान बेअरिंगला सील लावूनही काही हजार फेरे सहज झेपतात. चाकाचे बेअरिंग वेगाने किंवा वजनाने क्वचितच मरते. ते पाण्याने, धुळीने किंवा चुकीच्या बसवणुकीने मरते. म्हणून जुन्या मूळ बेअरिंगवरचा पूर्ण नंबर अक्षरांसकट उतरवून घ्या (सी३, म्हणजे आतली ढिलाई नेहमीपेक्षा थोडी जास्त, असे लिहिलेले असेल तर सी३च घ्या) आणि त्याच नंबरचे नावाजलेल्या कंपनीचे बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. तेवढे केलेत तर निम्म्या किमतीच्या जोडीत काहीही कमी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (ऐरोली)

वरचे तांत्रिक विवेचन मान्य आहे. 'अधिकृत विक्रेत्याकडून' हे शब्द मात्र अधोरेखित करावेत असे मला वाटते. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाने बनावट बेअरिंग्ज सर्रास विकली जातात आणि हल्ली डब्याची छपाईही हुबेहूब असते. मी स्वतः अशी एक जोडी घेतली होती. दोन बेअरिंग्ज शेजारी ठेवल्यावर एकावरचे अक्षर ठसठशीत आणि दुसऱ्यावरचे पुसट, किंचित तिरके आहे, हे लक्षात आले. एसकेएफचे 'ऑथेंटिकेट' नावाचे मोबाइल अ‍ॅप आहे. त्यातून फोटो पाठवले की कंपनीची माणसे तपासून कळवतात. एवढी खातरजमा करायला सवड नसेल, तर सर्व्हिस सेंटरचा डबा घेणे बरे. जादा पैसे बेअरिंगचे नसून खात्रीचे आहेत असे समजावे.

इंजिनातल्या क्रँकच्या बेअरिंगची गोष्ट निराळी आहे. तिथे उष्णता असते, फेरे हजारोंत असतात, आतली ढिलाई आणि केज (छर्रे जागेवर धरणारा सांगाडा) गाडीच्या कंपनीने ठरवून घेतलेली असते. तिथे मी मूळ भागाशिवाय दुसरे काही बसवणार नाही.

उत्तर (वागळे इस्टेट)

मी गेली अठरा वर्षे गॅरेज चालवतो. पाच महिन्यांत बेअरिंग गेले, तर मी आधी ते बसवले कसे होते, हे विचारतो आणि डब्याचा प्रश्न त्यानंतर घेतो.

दोन बेअरिंग्जच्या मध्ये हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत एक नळी असते, तिला आम्ही स्पेसर किंवा बुश म्हणतो. अ‍ॅक्सलचा नट आवळला की दोन्ही आतल्या रेस या नळीवर दाबल्या जातात. नळी तोंडाशी झिजून आखूड झाली असेल, किंवा एखादे बेअरिंग हबच्या खाचेत पूर्ण बसलेले नसेल, तर नट आवळताच आतल्या रेस बाजूला ओढल्या जातात आणि छर्रे सतत आडव्या दाबाखाली फिरतात. असे बेअरिंग कितीही महाग असले तरी काही महिन्यांत घरघरते.

दुसरी गोष्ट म्हणजे हातोडी. बाहेरच्या रेसच्या मापाचा सॉकेट न लावता पंचाने आतल्या रेसवर ठोकले, तर तो मार छर्ऱ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खळगे पडतात. हबला हॉट एअर गनने थोडी ऊब द्यावी, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे; मग ते फार न ठोकता आत जाते. आतल्या रेसला धक्का देऊन काढलेले बेअरिंग, ते चांगले फिरत असले तरी, परत बसवू नये. बाहेरचे ऑइल सीलही त्याच वेळी बदलावे. आणि गाडी धुताना प्रेशरचा फवारा हबवर मारू देऊ नका.

तिसऱ्या बेअरिंगचे विचारलेत. चाक उघडलेलेच आहे, तर बदला. चेनचा सगळा ओढ त्याच्यावर येतो आणि पुन्हा मजुरी द्यावी लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता (मानपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी वागळे इस्टेटमधल्याच एका ओळखीच्या गॅरेजमध्ये चाक माझ्यासमोर उघडून घेतले.

डिसेंबरमध्ये आवाज करू लागलेली दोन्ही बेअरिंग्ज पत्र्याच्या चकतीची निघाली. त्यांवर नंबर होता, पण कंपनीचे नाव कुठेच नव्हते. चकती उचकटली तेव्हा आतले ग्रीस दुधाळ तपकिरी झाले होते आणि बोटाने आतली रेस फिरवताना वाळू चावल्यासारखे लागत होते. डाव्या बेअरिंगच्या आतल्या रेसवर पंचाच्या तीन खुणा होत्या. स्पेसर सपाट काचेवर उभा केला, तेव्हा त्याच्या एका तोंडाला झिजून धार आली होती आणि एका बाजूने उजेड दिसत होता. सहा वर्षे टिकलेली जुनी जोडी त्या गॅरेजवाल्याने फेकून दिली होती, त्यामुळे पूर्ण नंबर पार्ट्स कॅटलॉगवरून मिळवावा लागला.

शेवटी स्पेसर आणि ऑइल सील गाडीच्या कंपनीचेच घेतले, कारण बाजारात मिळणाऱ्या स्पेसरच्या लांबीवर मला भरवसा वाटेना. तिन्ही बेअरिंग्ज मात्र अधिकृत विक्रेत्याकडून २आरएस प्रकारची घेतली आणि बसवण्याआधी अ‍ॅपवर फोटो पाठवून खातरजमा करून घेतली. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळल्यावर चाक हाताने फिरवून पाहिले. ते न अडखळता फिरत राहिले आणि कडेला धरून हलवल्यावर जराही डुलले नाही. काल महाप्यापर्यंत जाऊन आलो, साठच्या वेगाला चाकाचा आवाज नाही. पावसाळा संपल्यावर सील उचलून ग्रीसचा रंग पाहीन आणि इथेच कळवीन.