मदत हवी आहे : बाबांची एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड तपासणी

नमस्कार मंडळी. माझे बाबा ६८ वर्षांचे, राहायला साताऱ्याजवळच्या गावात. महिन्याभरात सात किलो वजन उतरलं, मग डोळे पिवळे झाले. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी २.४ सेंटीमीटरची गाठ दिसली. आता डॉक्टरांनी पुण्याला जाऊन एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करायला सांगितलंय. तोंडावाटे दुर्बीण जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं; स्वादुपिंड तिथून अगदी जवळ, म्हणून गाठ नीट दिसते आणि त्याच वेळी सुईने तुकडाही घेता येतो, एवढं समजलं.

खरी काळजी वेगळीच. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी रोज चालू आहे. सुई घालायची म्हणजे ती गोळी थांबवायची का, किती दिवस आधी? हृदयाचे डॉक्टर म्हणतात पोटाच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतात हृदयाच्या. दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं कसं, हे कुणी जमवलंय का? शिवाय मधुमेह आहे. तपासणीआधी सहा-आठ तास उपाशी राहायचं, तर त्या दिवशी सकाळच्या इन्सुलिनचं तुमच्याकडे काय ठरलं होतं?

त्याच दिवशी घरी सोडतात का? एसटीने परत आणणं झेपेल, की गाडीच करावी? खर्च साधारण किती आला, तुकड्याचा रिपोर्ट किती दिवसांनी मिळाला, तेही सांगा.

बाबा काही बोलत नाहीत. फक्त रिपोर्टची पिशवी उशाशी घेऊन झोपतात. ज्यांनी घरच्या कुणाची ही तपासणी केली आहे त्यांनी कृपया लिहा. गुरुवारची तारीख मिळाली आहे.