रडवेल्या आठवड्यात अचानक फुटलेलं हसू: तुमचे किस्से सांगा

मंडळी, मी बँकेत काउंटरला बसते. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा सीझन. पेन्शनर लोकांनी आपण जिवंत असल्याचं वर्षातून एकदा सिद्ध करायचं असतं, ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच चालतं पण येतात सगळे नोव्हेंबरातच, त्यातही पहिल्या आठवड्यात आणि त्यातही शटर उघडायच्या आधी. नेमका त्याच आठवड्यात लेकीला डेंग्यू, प्लेटलेट्स ४८ हजारांवर आलेल्या, नवरा टूरवर, रात्रभर हॉस्पिटलच्या खुर्चीत आणि सकाळी इथे सर्व्हर डाऊन. बुधवारी मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले होते, खोटं कशाला बोलू.

तर एक आजीआजोबा आले. आजोबांचे अंगठे घासून गुळगुळीत, मशीन काही घेईना. सगळी बोटं झाली, ओला रुमाल झाला, शर्टाला पुसून झालं, दर वेळी तेच, मॅच होत नाही. मागे ही लाईन. आजी म्हणाल्या, "अहो बाई, मी सांगते ना आहेत म्हणून, सकाळीच चहात साखर कमी म्हणून भांडलेत." म्हटलं आता चेहऱ्यावरून करू. त्यात फोन तोंडासमोर धरायचा आणि समोरच्याने डोळ्यांची उघडझाप करायची, म्हणजे कुणी नुसता फोटो दाखवून फसवू नये. गोंगाटात त्यांना ऐकू जाईना म्हणून मी जरा ओरडूनच म्हटलं, "आजोबा, डोळे! डोळे मिचकवा!" अख्खी ब्रँच बघायला लागली. आजोबांनी आधी आजींकडे बघितलं, जरा लाजले, आणि मग माझ्याकडे बघून शांतपणे एक डोळा मारला.

कुणी काही बोलेना. मग आजी, अगदी साध्या आवाजात, "५१ वर्षं झाली लग्नाला. मला नाही हो कधी मारला."

कॅशियर टेबलाखाली गेला. लाईनीतले सगळे पेन्शनर खोखो, मला तर उचकी लागली. दाखला तिसऱ्या खेपेला झाला. प्लेटलेट्स काही त्या दिवशी वाढल्या नाहीत, शुक्रवारी वाढल्या, पण रात्री लेकीला हे सांगितलं तर सलाईनच्या हाताने तोंड दाबून हसत होती.

तर येऊ द्या तुमचे. अट एकच, मुद्दाम लावलेली कॉमेडी नको, आठवडा वाईट चाललेला असताना ध्यानीमनी नसताना झालेलं सांगा. छोटं मोठं काहीही.

----

हाहाहा आजोबा रॉक्स. आजींनी घरी जाऊन काय केलं असेल ते पण कळायला हवं होतं.

----

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. रिटायर झाल्यावर चार वर्षांनी बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं पण नंतर दोन दिवस ते कुठल्यातरी वेगळ्याच जगात होते, डॉक्टर म्हणाले वय असलं की होतं असं, उतरेल. सांगायला सोपं आहे, आपला बाप आपल्याला ओळखत नाही म्हटल्यावर काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. आई बाहेर बाकड्यावर बसून जप करत होती, मी आणि भाऊ पैशांची जुळवाजुळव करत होतो आणि त्यावरून एकमेकांवर खेकसत होतो.

दुसऱ्या रात्री मला आत सोडलं. बाबांच्या हाताशी सिस्टरला बोलवायची बेल होती, वायरीला लोंबणारी. बाबा ती दोनदा दाबायचे, टिंग टिंग, आणि म्हणायचे "चलाऽऽ". एसटीत दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. सिस्टर धावत यायची. ती आली की बाबा एकदा दाबायचे, म्हणजे थांबा, आणि तिला विचारायचे "कुठं?" पहिल्यांदा ती गोंधळली, काय पाहिजे काका, तर हे "आत सरका, मागं सगळी मोकळी हाय." वॉर्डात सहा बेड आणि खरंच मागचे दोन मोकळे होते.

मी माफी मागायला लागलो तर ती सिस्टर, असेल पंचवीस सव्वीस वर्षांची, साताऱ्याकडचीच, मला म्हणाली थांबा हो, आणि बाबांना म्हणाली "एक फुल कराड." बाबांनी हवेत तिकीट फाडलं, तिच्या हातात दिलं आणि वैतागून म्हणाले "सुट्टे द्या."

मी बाहेर येऊन आईला सांगितलं. आई जपमाळ मांडीत टाकून हसली, मग रडली, मग म्हणाली "माझ्याकडं आहेत सुट्टे, नेऊन दे त्यांना." आणि खरंच पिशवीतून दहाची तीन नाणी काढून दिली. बाबांनी ती मोजून घेतली. उशीखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी मला नावाने हाक मारली तेव्हा पहिला प्रश्न हाच, हे पैसे कुणाचे इथं.

----

वरच्या दादांचं वाचून ऑफिसात डोळे पुसतेय, बॉसला वाटलं अप्रेजलचं कळलं हिला.

----

निफाडकडचा आहे. मार्चमधी गारपीट झाली तेव्हाचं सांगतो. द्राक्षबाग, आठ दिवसात माल निघणार, व्यापारी येऊन सौदा करून गेलेला, आन बारा पंधरा मिनिटात सगळं खाली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. आई ताट वाढायची आन तसंच झाकून ठिवायची.

पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले. मोबाईलवर फोटो काढायचा असतो, शेतकरी आन त्याच्या मागं नुकसान दिसलं पाहिजे. आबांना उभं केलं पडलेल्या मांडवाजवळ. आता आबांचं असं की फोटो म्हटलं की हसायचं, एवढंच माहीत, लग्नाकार्यात फोटोवाला "हसा हसा" करतो ना. मोबाईल समोर आला की आबांचं तोंड आपोआप उघडतं, समोरच्या दोन दातांची खिडकी सकट. भाऊसाहेब म्हणले, आबा हसू नका. आबा म्हणले नाही हसत. मोबाईल वर केला की पुन्हा तेच. भाऊसाहेब बिचारे चांगले माणूस, म्हणले "आबा वर साहेब बघतील, बाग आडवी पडली आन शेतकरी खूश, भरपाई कशाची मिळायची?" तिसरा फोटो, चौथा फोटो. आबा ओठ दाबून धरतात तर गाल फुगतात, जास्तच खराब दिसतं. मग आई बांधावरून वरडली, दोन दिवसात पहिल्यांदा आवाज काढला तिनं, "भाऊसाहेब, त्यांना सोसायटीची कर्जाची नोटीस दाखवा, मंग काढा!"

भाऊसाहेबांचाच हात हलला हसून. पाचवा फोटो काढला त्यात आबा गंभीर आहेत पण फोटोच हललेला. सहावा लागला शेवटी. पैशाचं म्हणाल तर आले, नुकसानीच्या मानानं काहीच नाही, ते दुखणं येगळं. पण त्या रात्री जेवलो सगळे.

----

धागा छान आहे पण एक सांगू का, सगळ्यांना असं हसू येतंच असं नाही. माझा घटस्फोट चालू होता तेव्हा ज्याने त्याने मला विनोदी व्हिडिओ पाठवले, हस जरा, हलकं वाटेल. डोकं फिरायचं. आईच्या आग्रहाने एकदा हास्यक्लबला पण गेले. मुंबईतच १९९५ मध्ये सुरू झालेला प्रकार आहे हा, आधी म्हणे जोक सांगून हसायचे, थोड्याच दिवसांत जोक संपले तेव्हा उगाच हसायचं ठरलं. ते उगाच हसणं माझ्याने होईना. हात वर करून हा हा हा करताना मला माझीच दया येत होती.

पण आता लिहिते आहेच तर ते पण सांगते. तिसऱ्या दिवशी सोसायटीत नवा वॉचमन होता, गावाहून आलेला, त्याला कुणी या क्लबबद्दल सांगितलंच नव्हतं. सकाळी सव्वासहाला तो धापा टाकत सेक्रेटरींच्या दारात, "साहेब लवकर चला, मागच्या बागेत म्हाताऱ्या माणसांना कायतरी झालंय." सेक्रेटरी बनियनवर पळत आले तोवर हा आमच्यासाठी पाण्याची बादली घेऊन हजर. त्या दिवशी मी खरी हसले. नंतर गेले नाही, काम झालं होतं.

----

वॉचमन 😂😂 बादली कुणावर ओतणार होता पण?

----

एमपीएससी प्री. अडीच मार्कांनी गेली, तिसरा अटेम्प्ट. पुण्यात अभ्यासिकेच्या जिन्यात बसून घरी फोन लावला, अकोल्याले. माय बजारात होती, मागं भाजीवाल्याईचा कलकलाट. म्हटलं आई, अडीच मार्कानं हुकलं. ते म्हणते, "अडीचच ना? मंग म्हन ना त्याईले, वरचे अडीच सोडून द्या म्हना. तीन वर्षाचं गिऱ्हाईक कोनी तोडते का असं?"

जिन्यात एकटाच हसत होतो. बाजूच्या पोराले वाटलं माह्यी निघाली, त्यानं पेढे मागतले.

----

दहाव्याला हसलेलं सांगितलं तर चालेल का इथे? आमचे आजोबा शेवटची दहा वर्षं जवळजवळ बहिरे होते, मशीन घेऊन दिलेलं पण ते कपाटात. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले, झाडावर वीस पंचवीस कावळे नुसते बसलेत, एक खाली येईना. मग ते सुरू झालं, जो तो पुढे होऊन हात जोडून हळू आवाजात शब्द देतोय. काका म्हणाले घर विकणार नाही, आत्या म्हणाली आईला अंतर देणार नाही, बाबांनी तर त्यांच्या मनातलं काय काय कबूल केलं. पाऊण तास. गुरुजी घड्याळ बघतायत, त्यांना पुढचं एक होतं. आजी इतका वेळ गप्प होती, ती एकदम म्हणाली, "अरे असं पुटपुटताय काय, त्यांना ऐकू येत नव्हतं ना! मोठ्याने बोला!"

आणि दुःखात माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात तेच, काकांनी खरंच तोंडाशी हात धरून बोंब ठोकली, "दादाऽऽ घर विकणार नाहीऽऽ!" झाडावरचे सगळेच्या सगळे कावळे उडून पलीकडच्या काठाला. एक उरला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. परतीच्या गाडीत अर्धा तास कुणी कुणाकडे बघत नव्हतं, बघितलं की संपलं. आजी सगळ्यात जास्त हसली, पदर तोंडात कोंबून.

----

आम्ही श्टुटगार्टला असतो. इथे रविवारी आवाज करायचा नाही, ड्रिल नाही, कचऱ्यात बाटल्या टाकणं नाही, काही नाही. आठवडा असा की नोकरी गेलेली आणि व्हिसा त्या नोकरीवर. रविवारी तिरमिरीत म्हटलं मरू दे, चटणी तरी नीट खाऊ, आणि मिक्सर लावला, आपल्या भारतातून आणलेला, त्याचा आवाज माहितीये ना तुम्हाला. तीन मिनिटांत बेल. खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाई (इथे बाईंना "फ्राऊ" म्हणतात), चेहरा कडक. घाबरून माझं जर्मन, इंग्लिश सगळं गेलं आणि तोंडातून निघालं "सॉरी काकू". त्यांनी विचारलं, काकू म्हणजे काय. आता काय सांगणार, म्हटलं मान देऊन म्हणतात. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दारात चिठ्ठी. रविवारच्या शांततेचे नियम मुद्देसूद लिहिलेले, एक दोन तीन, खाली सही: फ्राऊ काकू.

नोकरी दोन महिन्यांनी लागली. चिठ्ठी अजून फ्रीजवर आहे, मिक्सर शनिवारी लावतो.

----

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तो दिवस. ऑफिसातून निघून मी कुर्ल्याच्या बाजूने चालत होतो, पाणी छातीपर्यंत, घरी बायको सात महिन्यांची गरोदर, फोन बंद. सगळे एकमेकांचा हात धरून साखळी करून चाललेले, कुणीच बोलत नाही, पायाखाली गटार उघडं असेल तर काय हीच भीती. एका ठिकाणी रिक्षा पाण्यात बुडलेली, फक्त टप वर आणि टपावर रिक्षावाला मांडी घालून बसलेला, भिजून काळा निळा. आमच्या साखळीतल्या पुढच्या माणसाला काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने मान वर करून विचारलं, "घाटकोपर?"

रिक्षावाल्याने विचार न करता मान हलवली, नाही. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो जो हसायला लागला. अख्खी साखळी हसली, त्या पाण्यात. पहाटे साडेचारला घरी पोचलो. बायकोला आधी हेच सांगितलं.

----

धागाकर्ती: किती ग्रेट किस्से आहेत, एकेकाला उत्तर देते सावकाश. आत्ता लंचनंतर काउंटरवर लपून शेवटचा वाचत होते, त्या "घाटकोपर"ला फुटलेच. वर बघितलं तर काचेपलीकडे एक काका उभे, कधीचे कोण जाणे. म्हणाले, "मॅडम, हसताय काय, माझा चेक बाउन्स झालाय."