भाड्याच्या फ्लॅटमध्ये परवडणारं इंटरनेट कसं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. मी, धाकटा भाऊ आणि आई. घरात नेटची चालू लाइन नाही, त्यामुळे सध्या माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर तिघांचं भागवतोय. माझं काम घरून चालतं, भावाची लेक्चर्स ऑनलाइन असतात आणि संध्याकाळी आईला टीव्हीवर तिचे कार्यक्रम लागतात. महिना संपायच्या कितीतरी आधी डेटा संपतो. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, समोरच्यांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. नोकरी नवी आहे, त्यामुळे या गोष्टीचं फार टेन्शन येतं.

अडचण अशी की भाडेकरार एका वर्षाचा आहे, पुढे वाढेल याची खात्री नाही, आणि घरमालकांनी स्पष्ट सांगितलंय की भिंतीला नवीन भोक पाडायचं नाही. इमारतीत एका कंपनीची फायबर आलेली आहे, जिन्याशेजारच्या डक्टमध्ये तिचा डबा दिसतो. त्यांच्या माणसाशी बोलले. पहिला आकडा ऐकून हायसं वाटलं, पण खोदून विचारल्यावर कळलं की तो दर फक्त सुरुवातीच्या महिन्यांपुरता आहे. नंतर वाढतो. जोडणीचे पैसे वेगळे, राउटरचं भाडं वेगळं, कर वेगळा आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दंड. घर एका वर्षाचं आणि लाइन दोन वर्षांची, हे कसं जुळवायचं?

दुसरा पर्याय सिमवर चालणाऱ्या राउटरचा. तिसरा शेजारच्या काकूंनी सुचवलाय, त्यांचंच वाय-फाय वापरायचं आणि बिल अर्धं अर्धं वाटून घ्यायचं. त्या मनापासून म्हणाल्या, पण ऑफिसचं काम दुसऱ्याच्या लाइनवर करणं बरोबर आहे का, ते कळत नाही.

आम्हाला नेमका किती वेग लागेल? भोक न पाडता वायर आत येते का? आणि पैशांचा हिशोब करताना काय काय धरायचं? दर महिन्याला जाणारा पैसा आहे, म्हणून नीट विचारून घेते आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी वेगाचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच उगाच जातात. विक्रेते मोठा आकडाच पुढे करतात. व्हिडिओ कॉल चांगल्या दर्जाचा असला तरी साधारण ३ ते ४ एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं एकक) लागतात, तेही जाताना आणि येताना दोन्हीकडे. टीव्हीवर फुल एचडी कार्यक्रमाला ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला १५ ते २५. म्हणजे तुमचा कॉल, भावाचं लेक्चर आणि आईचा टीव्ही एकाच वेळी चालू असला तरी ५० एमबीपीएसमध्ये आरामात बसतं. त्याच्या वरचा प्लॅन घ्यायची तुम्हाला गरज दिसत नाही.

अपलोडचा वेग मात्र वेगळा विचारा. तुमचा आवाज तुटतो तो बहुतेक वेळा अपलोड कमी पडल्यामुळे. जुन्या टेलिफोन लाइनवर किंवा टीव्ही केबलवर येणाऱ्या नेटला डाउनलोड भरपूर आणि अपलोड अगदी थोडं असं असतं. फायबरवर बरेचदा दोन्ही सारखे मिळतात, पण प्लॅनमध्ये तसं लिहिलंय का ते बघा.

अजून एक, एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइलचा आकार आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ५० एमबीपीएसवर सेकंदाला सव्वासहा मेगाबाइटच्या आसपास उतरतात. १ जीबीची फाइल यायला पावणेतीन मिनिटं लागली, तर लाइन व्यवस्थित चालू आहे असं समजा.

प्रतिसाद

वायरचं मी सांगतो, हे काम जवळून बघितलेलं आहे.

नवीन भोक पाडायची गरज सहसा पडत नाही. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक असतं, त्यात पाइपाच्या कडेला फायबर सहज सरकते. वायर काही मिलिमीटर जाडीचीच असते. एसी नसेल तर टीव्ही केबल किंवा टेलिफोनची जुनी नळी बघा. खिडकीच्या चौकटीतूनही आणता येते, पण सरकत्या काचेखाली ती रोज चेपली जाणार नाही अशी जागा हवी. फायबर आतून काचेची असते. काटकोनात दुमडली की एक तर तुटते, नाहीतर प्रकाश बाहेर गळतो आणि नेट कधी आहे कधी नाही असं सुरू होतं. कोपऱ्यावर छान गोलाई देऊन वळवायला सांगा आणि काम होईपर्यंत तिथेच उभ्या राहा.

पण त्याआधी एक करा. टीव्हीच्या कपाटामागे, मुख्य दाराच्या वर आणि एसीच्या भोकाजवळ नीट बघा. आधीच्या भाडेकरूची लाइन पुष्कळदा तशीच सोडलेली असते. तळहाताएवढी पांढरी डबी दिसेल किंवा वायरीच्या टोकाला हिरव्या रंगाचा चौकोनी कनेक्टर असेल. तो सापडला तर अर्धं काम झालं म्हणायचं आणि जोडणीचा खर्च कमी करायला सांगता येईल. टोक उघडं असेल तर त्यात डोळा लावून बघू नका. घरगुती फायबरमध्ये येणारा प्रकाश बहुधा १४९० नॅनोमीटरचा लेझर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

लाइन चालू झाल्यावर माणसाला मीटरवर प्रकाशाची पातळी दाखवायला सांगा. जीपॉन या घरगुती फायबरच्या नेहमीच्या प्रकारात उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) ही चालणारी मर्यादा; उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २६ दाखवून ‘चालतंय की’ म्हणाला तर सोडू नका, वायर थोडी जरी हलली तरी अशी लाइन बंद पडते आणि घरात बसवलेल्या फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो.

प्रतिसाद

मी तर सिमवाला राउटर घ्या असंच म्हणेन. वायर नाही, मालकांची परवानगी नाही, घर बदललं की पिशवीत टाकून न्यायचा. आम्ही सतत घरं बदलतो, आम्हाला हेच सोयीचं पडलंय.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. घर बदलायला सोपं, हे खरं. पण धागाकर्तीचं काम कॉलवर चालतं आणि मोबाइल टॉवरची क्षमता आजूबाजूच्या सगळ्या फोनांमध्ये वाटली जाते. सकाळी झकास चालणारा राउटर रात्री नऊला रडतो. शिवाय ‘अमर्याद’ लिहिलेल्या प्लॅनलाही बहुतेक वेळा एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग पार खाली आणतात. एचडी टीव्ही तासाला ३ जीबीपर्यंत खातो. आई रोज दोन-तीन तास बघत असतील तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करून बघा.

तरी घ्यायचाच असेल तर त्याच कंपनीचं सिम असलेला कोणाचा तरी फोन आणा, खिडकीजवळ ठेवा आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळनंतर, वेग मोजा. एकदाच मोजून भागणार नाही. आकडा जिथे सगळ्यात चांगला येईल तीच राउटरची जागा.

प्रतिसाद

पैशांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. महिन्याचा दर बाजूला ठेवा आणि बारा महिन्यांत खिशातून एकूण किती जातील ते काढा. सुरुवातीच्या दराचे महिने, त्यानंतरच्या वाढीव दराचे महिने, जोडणी, राउटरचं भाडं आणि कर, सगळं एकत्र करा. मग वर्षाने घर सोडावं लागलं असं धरून त्यात दंडाचे पैसे घाला. परत मिळणारी अनामत वेगळी लिहा, कारण तो खर्च नव्हे, अडकलेला पैसा आहे. आलेल्या बेरजेला बाराने भागा. तो तुमचा खरा महिन्याचा दर. असा हिशोब केला की वरवर महाग दिसणारा, बांधिलकी नसलेला प्लॅन भाडेकरूला स्वस्त पडतो, हे अनेकदा दिसतं.

वर्षाचे पैसे एकदम भरले की सूट देतात. पहिल्या महिन्यात तो मोह टाळा. लाइन कशी आहे ते अजून माहीत नाही आणि भरलेले पैसे परत मिळवताना दम निघतो. महिना-दोन महिने बघून मग भरा.

कंपनीला सरळ विचारा: घर बदललं तर लाइन नव्या पत्त्यावर नेता का, त्याचे किती घेता आणि नव्या इमारतीत तुमची सेवाच नसेल तर दंड माफ होतो का? जे तोंडी कबूल करतील ते ईमेलवर मागा. ईमेल द्यायला का कू करत असतील तर त्या आश्वासनावर हिशोब मांडू नका.

आणि राउटर शक्यतो स्वतःचा घ्या. घरात फायबर ज्याला जोडतात तो डबा बहुधा कंपनीचाच लागतो, पण वाय-फायचा राउटर आपला असला की भाडं वाचतं आणि पुढच्या घरी, पुढच्या कंपनीला तोच चालतो. त्याचे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत ना बघा. स्वस्तात मिळणाऱ्या काही राउटरांचे १०० एमबीपीएसचेच असतात. आत्ता ५० ला अडणार नाही, पण पुढे मोठा प्लॅन घेतलात तर अडेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! टीव्हीच्या कपाटामागे खरंच पांढरी डबी निघाली, हिरव्या कनेक्टरसकट. वायर एसीच्या भोकातून बाहेर डक्टकडे गेलीये. पण कंपनीला पत्ता सांगितला तर म्हणतात, या फ्लॅटवर आधीच एक जोडणी आहे, नवी देता येत नाही. आधीच्या भाडेकरूंनी खातं बंद केलेलं दिसत नाही. आता काय करावं? आणि काकूंना काय सांगू, त्यावरही कोणी लिहाल का?

प्रतिसाद

हे नेहमीचंच आहे, घाबरू नका. जुन्या माणसाची थकबाकी भरायला कोणी सांगितलं तर अजिबात भरू नका, ती तुमची नाही. तुमच्या भाडेकराराची प्रत आणि राहायला आल्याची तारीख देऊन लेखी अर्ज करा की या पत्त्यावरचा ग्राहक बदललाय. घरमालकांनी दोन ओळींचं पत्र दिलं तर काम लवकर होतं, जुन्या भाडेकरूचा फोनही त्यांच्याकडेच असणार. अर्जाचा तक्रार क्रमांक घ्या, पुढच्या प्रत्येक फोनला तोच सांगायचा.

काकूंच्या वाय-फायचं म्हणाल तर नको. बऱ्याच कंपन्यांच्या अटींमध्ये लाइन दुसऱ्या घराला देण्याची मनाई असते. त्या लाइनवरून काही गैर झालं तर आधी काकूंना विचारणार, ते ओझं त्यांच्यावर कशाला? त्यात एकाच नेटवर्कवर असलेली उपकरणं एकमेकांना दिसू शकतात, तुमच्या ऑफिसला हे चालणार नाही. तुमची लाइन येईपर्यंत काही दिवस निकड म्हणून वापरायचंच असेल तर त्यांच्या राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू करून घ्या आणि ऑफिसचा व्हीपीएन (कामाची माहिती इतरांपासून झाकून नेणारी जोडणी) चालू ठेवा.

प्रतिसाद

राउटरची जागा राहिली सांगायची. डबी टीव्हीमागे आहे म्हणून राउटरही कपाटात कोंबू नका. बाहेर, उंचावर आणि घराच्या मध्याकडे ठेवा. फ्लॅटच्या इमारतीत वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची फार गर्दी असते, तिथे एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावा. हा पट्टा भिंतीपलीकडे कमी पोचतो, म्हणून एकाच खोलीत किंवा दार उघडं ठेवून बसलात तर छान चालेल. टीव्हीला लॅन केबल जोडा, तेवढीच हवेतली गर्दी कमी. कधी नेट मंद वाटलं तर तक्रार करण्याआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. केबलवर पूर्ण वेग येत असेल तर दोष लाइनचा नाही, वाय-फायचा आहे.

धागाकर्ती

अपडेट देते. मालकांनी पत्र दिलं, जुनं खातं बंद झालं. ५० चा प्लॅन घेतेय, अपलोडही तेवढंच आहे. बांधिलकी नसलेला थोडा महाग होता, पण बारा महिन्यांची बेरीज केल्यावर तोच कमी आला. वायर आधीच असल्यामुळे जोडणीचे पैसेही कमी केले. राउटर स्वतःचा घेणार आहे. काकूंना सगळं समजावून सांगितलं, त्यांना ते पटलं. लाइन येईपर्यंत भाऊ लेक्चरपुरता त्यांच्याकडे जाऊन बसतो.

शेवटची शंका. मालक म्हणतायत, जोडणी त्यांच्या नावावर घ्या, म्हणजे पुढच्या भाडेकरूला त्रास नको. घेऊ का?

प्रतिसाद

बिल तुम्ही भरणार आहात तर जोडणी तुमच्याच नावावर घ्या. अनामत ज्याच्या नावावर असते त्यालाच परत मिळते आणि बंद करायचा किंवा हलवायचा अर्जही तोच करू शकतो. मालकांची काळजी मात्र रास्त आहे, आत्ताच त्यांनी एक प्रकरण निस्तरलंय. त्यांना सांगा की घर सोडताना खातं बंद केल्याचा ईमेल तुम्हालाही पाठवीन. आणि फायबरचा डबा बसवला की त्याच्या मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. परत देताना त्या नंबरासकट पोचपावती घ्या, नाहीतर डबा मिळालाच नाही म्हणून अनामतीतून पैसे कापतात.