बेडरूमला गुलाबी रंग दिला आणि भिंत हिरडीसारखी दिसतेय

खिडकीजवळची
वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीने खोली रंगवतेय. आजवर आमच्या भिंतींचा रंग म्हणजे "मळखाऊ असावा" एवढंच ठरलेलं. या वेळी हट्टाने गुलाबी म्हटलं. नवरा म्हणाला, "बाहुलीचं घर करतेयस का?" ऐकलं नाही. आता पंचाईत अशी की त्याचं खरं ठरतंय, आणि ते मला परवडणारं नाही.

खोली दहा बाय बारा फूट. खिडकी एकच, तिच्यातून थेट ऊन कधी येत नाही. कपाट आणि पलंग जुन्या तांबूस लाकडाचे. शेडकार्डवर नखाएवढ्या चौकोनात जो रंग फिका, अबोलीकडे झुकणारा वाटला होता, तो तीन भिंतींवर दोन हात बसल्यावर हिरडीसारखा दिसायला लागला. दिवसा हिरडी, रात्री ट्यूब लावली की औषधाची गुलाबी बाटली. पलंगाच्या डोक्याकडची चौथी भिंत अजून पांढरी आहे, कारण तिथे पोचेपर्यंत माझा धीर संपला.

पुन्हा सगळं पांढरं करायचं नाही. गुलाबीच हवाय, पण शहाण्या माणसाचा. पडदे-चादरी अजून घेतलेल्या नाहीत. काय करू? नवऱ्याची बाजू घेणारे गप्प बसले तरी चालेल.

आळशी मांजर
हिरडी! आता मला माझ्याही भिंती तशाच दिसणार. पोपटी पडदे लावा की. कमळ आणि त्याचं पान, झकास दिसेल.

जुना ब्रश
पोपटी अजिबात नको. गुलाबीसमोर हिरवा ठेवला की दोन्ही रंग एकमेकांना चढवतात. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ भिंतीवर टांगायच्या विणलेल्या पडद्यांच्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचा. तिथे तक्रार यायची की काळं सूत नीट काळं दिसत नाही. त्याने तपासलं तर सूत ठीक होतं, दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुताचा होता. १८३९ साली त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. तुमची हिरडी पोपटी पडद्यांशेजारी आणखी लाल होईल.

कार्डाने तुम्हाला फसवलं नाही, ताई. तीन भिंती समोरासमोर आल्या की एकीवरचा उजेड दुसरीवर आपटतो आणि दर फेरीत गुलाबी होत जातो. दुपारी कोपऱ्यात कोरा पांढरा कागद धरून बघा, तोही लाजल्यासारखा दिसेल. म्हणून चौथी भिंत गुलाबी करू नका. तुमचा धीर संपला तो योग्य ठिकाणी संपला.

ब्रशला हात लावायच्या आधी दिवा बदला. तुमची ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असणार (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर). त्या निळसर उजेडात गुलाबी जांभळट आणि थंड पडतो. २७०० ते ३००० चा लावा, आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलंय ना ते बघा. स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असतो, त्यात गुलाबी मेल्यासारखा दिसतो.

एवढ्यावर भागलं नाही, तर पांढरा मिसळायला जाऊ नका. सगळे तीच चूक करतात. पांढऱ्याने रंग फिका होतो, शांत होत नाही. उलट पाळण्यावरचा गुलाबी तयार होतो. त्याच डब्यात मातकट तपकिरी स्टेनरचे (रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याचे) थोडे थेंब घाला. आधी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (ओला असताना काहीही ठरवू नका), आणि सकाळ-संध्याकाळ जागा बदलून बघा.

खिडकीजवळची
कागद धरला. खरंच लाजला!

दिवा उद्या बदलते. दरम्यान नवऱ्याने कुठेतरी वाचलंय की गुलाबी खोलीत माणसं शांत होतात, तुरुंगातसुद्धा वापरतात. अचानक माझ्या बाजूने झालाय, म्हणून संशय येतोय.

रंगाचा डबा
ती बेकर-मिलर नावाच्या गुलाबी छटेची गोष्ट. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या नौदल कोठडीत एक खोली तशी रंगवली होती आणि कैदी निवळले म्हणून गाजावाजा झाला. पुढच्या काटेकोर चाचण्यांत मात्र तो परिणाम टिकला नाही. तेव्हा या मुद्द्यावर मिळालेला पाठिंबा घेऊ नका, नंतर उलटेल.

माझं मत विचाराल तर बाहुलीचं घर रंगाने होत नाही, चकाकीने होतं. तोच गुलाबी सॅटिनच्या चादरीत बाहुलीचा, जाडसर सुती कापडात मोठ्या माणसाचा. पडदे पारव्या रंगाचे घ्या. राणी रंग आवडत असेल तर एका उशीच्या अभ्र्यापुरता, बस. आणि एखादी गडद आमसुली चादर पायथ्याशी असू दे, म्हणजे तुमच्या तांबूस पलंगाला खोलीत नातेवाईक मिळेल.

आळशी मांजर
पोपटी मागे घेतो.

खिडकीजवळची
दहा दिवसांनी हजर. दिवा बदलला त्या रात्रीच बाटली गेली, अबोली आली. मी उगाच तासभर जागी राहून भिंतीकडे बघत बसले. दिवसाची हिरडी मात्र तशीच होती. म्हणून पुठ्ठे केले. पहिल्यात स्टेनर जास्त पडला आणि विटकरी झाला, दुसरा बेताचा, तिसरा अगदी मनासारखा. तो तिन्ही भिंतींवर एकेक हात मारला. चौथी पांढरीच ठेवली. पारवे पडदे लागले. आमसुली चादर टाकल्यावर पलंग एकदम खोलीतला वाटायला लागला, आधी तो पाहुणा होता.

नवरा दारात उभा राहून म्हणाला, "छान झालंय. हा काही गुलाबी नाही पण." मी वाद घातला नाही. पहिल्या डब्यातला हिरडी रंग थोडा बाजूला काढून ठेवला होता, तो माझ्या बाजूच्या कपाटाला आतून मारलाय. साडी काढायला दार उघडलं की दिसतो.

जुना ब्रश
लाकडाला प्रायमर मारला होता ना?

खिडकीजवळची
…नाही.